केंद्रापासून वीस मिलिमीटर

‘एक्सेंट्रिकली’ हे इंग्रजी क्रियाविशेषण शब्दकोशात पाहिलं, तर बहुतेक ठिकाणी ‘विक्षिप्तपणे’ एवढंच लिहिलेलं सापडतं आणि आपण कोश मिटून मोकळे होतो. भिलाईसारख्या पोलादाच्या गावात मात्र हा शब्द माणसांच्या आधी खांबांना लागतो. कारखान्याच्या लांबच लांब शेडमध्ये डोक्यावरून क्रेन धावत असते. बऱ्याच शेडमध्ये तिचे रूळ खांबाच्या माथ्यावर नसतात. खांबाच्या अंगातून एक ब्रॅकेट बाहेर काढलेलं असतं, त्यावर गर्डर आणि गर्डरवर रूळ. साहजिकच क्रेनचं आणि तिने उचललेल्या मालाचं वजन खांबाच्या मध्यातून खाली न जाता बाजूने उतरतं. अशा खांबाला इंजिनिअर ‘एक्सेंट्रिकली लोडेड कॉलम’ म्हणतात. यात खांबाचा विक्षिप्तपणा काहीच नाही. भार मध्य सोडून पडलाय, एवढीच नोंद आहे, आणि तो किती सोडून पडलाय हे लगेच पुढे मिलिमीटरमध्ये लिहिलेलं असतं.

वजन आणि मध्यापासूनचं अंतर यांचा गुणाकार केला की खांबाला वाकवणारा जोर मिळतो. चौकोनी खांबाच्या बाबतीत एक जुना हिशेब आहे. भार रुंदीच्या मधल्या तिसऱ्या हिश्श्यात पडला, तर पूर्ण छेद दाबाखाली राहतो. तो हिस्सा ओलांडला की एका कडेला ताण सुरू होतो, आणि विटा काय किंवा काँक्रीट काय, ताणापुढे दोन्ही कच्चे. म्हणजे ३०० मिलिमीटर रुंद खांबाला मध्यापासून ५० मिलिमीटरपर्यंतचं इकडे-तिकडे चालून जातं. त्यापुढे लोखंडी सळयांनी सांभाळून घ्यायचं.

या विषयात मला सर्वांत आवडतं ते काँक्रीटच्या बांधकामासाठीच्या आयएस ४५६ या भारतीय मानकातलं एक कलम. भार अगदी नेमका मध्यावर आहे असं कुठल्याही खांबाबद्दल धरायचं नाही, असा त्याचा सारांश. खांबाच्या मोकळ्या उंचीला ५०० ने भागा, रुंदीला ३० ने भागा, बेरीज करा. आणि ती कितीही लहान आली तरी २० मिलिमीटरपेक्षा कमी धरू नका. तीन मीटर उंच, ३०० मिलिमीटर रुंद खांब घेतला तर ६ अधिक १०, म्हणजे १६ येतात. तरी डिझाइन करायचं ते २० धरूनच. शटरिंग जरा सरकतं, गवंड्याचा ओळंबा हलतो, वरच्या मजल्यावर कुणी एका बाजूलाच कपाटं मांडतो. सरळ उभ्या दिसणाऱ्या प्रत्येक खांबात हे गृहीत धरलेलं असतं.

वर्कशॉपमध्ये हाच शब्द दोन वेगळ्या चेहऱ्यांनी भेटतो. एक चेहरा दोषाचा. लेथवर गोल काम लावलं आणि ते फिरताना डुगडुगलं, की मशिनिस्ट म्हणतो, ‘सेंटर आउट आहे’. मग डायल गेज लावून जॉब ट्रू करायचा, काटा हलायचा थांबेपर्यंत. दुसरा चेहरा कामाचा. काही वेळा जॉब मुद्दामच सेंटर सोडून लावावा लागतो, कारण जो भाग बनवायचा असतो त्याचं नावच ‘एक्सेंट्रिक’. त्यासाठी तीन जबड्यांचा चक चालत नाही. त्याचे तिन्ही जबडे एकदम आत-बाहेर होतात आणि जॉबला हट्टाने मध्यावर आणतात. लागतो चार जबड्यांचा, ज्याचा प्रत्येक जबडा स्वतंत्र किल्लीने फिरतो. समोरासमोरच्या जबड्यांपैकी एक सैल करायचा, दुसरा आवळायचा आणि डायलकडे बघायचं. सेंटर ३ मिलिमीटर सरकवायचं असेल तर एका फेऱ्यात काट्याने एकूण ६ मिलिमीटरचा प्रवास दाखवला पाहिजे, कारण एका बाजूने जेवढं बाहेर तेवढंच दुसऱ्या बाजूने आत. नव्या पोराची हटकून चूक होते ती इथे. तो डायलवर ३ दिसल्यावर थांबतो आणि जॉब दीडच मिलिमीटर सरकलेला असतो.

हा खटाटोप कशासाठी? गोल फिरण्यातून पुढे-मागे होणारी हालचाल काढण्यासाठी. शाफ्टवर नेमक्या मध्यात बसवलेली गोल चकती कितीही फिरली तरी तिच्याभोवतीच्या पट्ट्याला काही जाणवत नाही. तीच चकती मध्य सोडून बसवली की पट्टा प्रत्येक फेऱ्याला एकदा पुढे, एकदा मागे जातो. दगड फोडणाऱ्या जॉ क्रशरचा जबडा अशाच शाफ्टमुळे चावतो. खनिज चाळणाऱ्या मोठ्या चाळण्या थरथरतात त्याही मध्य सोडून बसवलेल्या वजनामुळे. जुन्या वाफेच्या इंजिनांत स्टीफनसन पद्धतीच्या व्हॉल्व्हला दोन एक्सेंट्रिक असत, एक गाडी पुढे नेण्यासाठी आणि एक मागे. इतकं लांबही जायला नको. अनेक मोबाइल फोन खिशात गुरगुरतात ते आतल्या चिमुकल्या मोटरच्या दांड्यावर अर्धगोल वजन एका बाजूला बसवलेलं असतं म्हणून. ते वजन मध्यावर आणलं की फोन गप्प.

यंत्रातल्या एक्सेंट्रिकपणाचा एक गुण पुढे माणसांकडे वळताना लागणार आहे, म्हणून इथेच नोंदवतो. तो ठरलेला असतो. ३ मिलिमीटर म्हणजे पहिल्या फेऱ्यालाही ३ आणि दहा लाखाव्या फेऱ्यालाही ३. हे अंतर मनाला येईल तसं बदलू लागलं, तर त्या यंत्राला कुणी एक्सेंट्रिक म्हणणार नाही. बेअरिंग गेलं म्हणतील.

शब्दाचं मूळ ग्रीक. ‘एक’ म्हणजे बाहेर आणि ‘केन्त्रॉन’ म्हणजे टोकदार वस्तू. बैल हाकायच्या पराणीची आर असते ना, तसलं टोक. पुढे वर्तुळ काढताना कंपासाचा जो पाय रोवायचा त्यालाही तेच नाव पडलं आणि त्यावरून वर्तुळाच्या मध्याला. हा ग्रीक शब्द दोन वाटांनी आपल्यापर्यंत आला. एक वाट लॅटिन-फ्रेंच-इंग्रजीमार्गे ‘सेंटर’ची. दुसरी खूप आधीची, ज्योतिषगणितातून संस्कृतात आलेली, आणि ती म्हणजे आपलं ‘केंद्र’. आरोग्य केंद्र, केंद्र सरकार असं आपण उठता-बसता म्हणतो तो शब्द अभ्यासक ग्रीकच मानतात.

ज्योतिषगणिताला त्याची गरज का पडली ते कालनिर्णयवर बोट ठेवून मोजता येतं. २१ मार्च ते २३ सप्टेंबर हे १८६ दिवस होतात आणि २३ सप्टेंबर ते पुढचा २१ मार्च १७९. सूर्य आपल्याभोवती एकसारख्या गतीने फिरतो असं मानलं, तर वर्षाचे हे दोन तुकडे सारखे यायला हवेत. आठवडाभराचा फरक पडतो कुठून? ग्रीक ज्योतिष्यांचं उत्तर असं की वर्तुळ खरं आहे, गतीही एकसारखी आहे, फक्त पृथ्वी त्या वर्तुळाच्या मध्यावर नाही. दुसऱ्या शतकातल्या टॉलेमीने हीच मांडणी आपल्या ग्रंथात पक्की केली. ते वर्तुळ ‘एक्सेंट्रिक’.

भारतीय सिद्धांतग्रंथांत त्याला ‘प्रतिवृत्त’ किंवा ‘प्रतिमंडल’ म्हणतात. भास्कराचार्यांनी इ.स. ११५० मध्ये रचलेल्या सिद्धान्तशिरोमणीच्या गोलाध्यायात त्याची आकृती कशी काढायची ते समजावलं आहे. पृथ्वी मध्याला धरून एक वर्तुळ, मग ठरावीक अंतराने मध्य सरकवून तेवढंच दुसरं. सूर्याचं मध्यम स्थान आणि प्रत्यक्ष दिसणारं स्थान यांतल्या फरकाला ‘मंदफल’ असं नाव आहे. या भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ काढला, तो जळगाव जिल्ह्यातल्या चाळीसगावजवळच्या पाटणला, आणि तिथला शिलालेख आजही आहे. केप्लरने १६०९ मध्ये वर्तुळ मोडून लंबवर्तुळ आणलं, तरी जुना शब्द टिकला. पृथ्वीच्या कक्षेची ‘एक्सेंट्रिसिटी’ आज ०.०१६७ सांगतात. खगोलशास्त्रावरच्या मराठी लेखनात तिला ‘विमध्यता’ म्हणतात. मध्य सोडल्याची नोंद करणारा आणि कुणाला नावं न ठेवणारा शब्द. तो पाठ्यपुस्तकाबाहेर पडला नाही याचं मला वाईट वाटतं.

व्यायामशाळेतही हे क्रियाविशेषण ऐकू येतं. स्नायू लांब होत असताना जोर धरून ठेवतो, तेव्हा तो ‘एक्सेंट्रिकली’ काम करतो. रायगड चढल्यापेक्षा उतरल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या जास्त धरतात त्या यामुळे.

आता माणसं. इंग्रजीत हा शब्द माणसाच्या वागण्याला सतराव्या शतकात चिकटला आणि तिथेच रमला. वापरताना आधी उच्चार. जोर ‘सेन्’वर द्यायचा आणि शेपटी ‘-इकली’ अशी आखूड. लिहिताना त्या शेपटीत ए आणि दोन एल येतात, बोलताना ए गिळला जातो. क्रियापदं कुठली शोभतात? कपडे घालणं, घर सजवणं, पत्र लिहिणं, पैसे खर्च करणं, एकूण जगणं. अमुक बाई ‘ड्रेसेस एक्सेंट्रिकली’ म्हटलं, की ऐकणाऱ्याला कळतं की ती रोजच तशी नटते, तिला ते आवडतं आणि त्याने कुणाचं काही बिघडत नाही. एखादा दारू पिऊन गाडी वेडीवाकडी चालवत असेल तर तिथे हा शब्द घालायचा नाही. तो ‘इरॅटिकली’ चालवतो. साहेब सकाळी रजा मंजूर करून दुपारी रद्द करत असेल तर तो ‘कप्रिशसली’ वागतो. गमतीच्या, हलक्याफुलक्या लहरीसाठी ‘व्हिम्झिकली’ आहे. या सगळ्यांत एक्सेंट्रिकली वेगळा पडतो तो चकतीच्या त्याच गुणामुळे. मध्य सोडलेला, पण किती सोडलाय ते ठरलेलं.

इंग्रजांना या शब्दाचं कौतुक फार. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ मध्ये ‘ऑन लिबर्टी’त असं बजावलं की लोकमताचा जुलूम मोडायचा तर लोकांनी थोडं एक्सेंट्रिक असायलाच हवं, ज्या समाजात प्रतिभा आणि धैर्य भरपूर, तिथे असली माणसंही भरपूर असतात. ठीक आहे. पण इंग्रजी चरित्रं वाचताना दिसतं की हा मान मिळायला गाठीशी इस्टेट असावी लागते. लॉर्डसाहेब घरात अस्वल पाळतात ते एक्सेंट्रिकली. गाडीवानाने पाळलं असतं तर पोलीस आले असते. आपल्याकडेही ‘वल्ली’ म्हणवून घ्यायला जरा बरा शर्ट लागतोच. पु. ल. देशपांड्यांच्या ‘व्यक्ती आणि वल्ली’ला १९६५ मध्ये साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला, त्यानंतर हा शब्द मध्यमवर्गीय घरांत आणखीच लाडाचा झाला. फूटपाथवर स्वतःशी बोलत बसलेल्याला वल्ली म्हणणारा मला अजून भेटलेला नाही.

मराठीत विशेषणांची चणचण नाही. तऱ्हेवाईक, छांदिष्ट, लहरी, चक्रम, तिरसट, एककल्ली, अवलिया. प्रत्येकाचा वास वेगळा आणि मराठी माणूस ते चुकवत नाही. अवलियाच्या पाया पडतात, चक्रमच्या नादी लागत नाहीत. गोची होते ती कोशांनी पुढे केलेल्या ‘विक्षिप्त’ची. योगसूत्रांवरच्या व्यासभाष्यात चित्ताच्या पाच अवस्था सांगितल्या आहेत: क्षिप्त, मूढ, विक्षिप्त, एकाग्र आणि निरुद्ध. तिथे विक्षिप्त म्हणजे कधी थाऱ्यावर असलेलं, कधी उधळलेलं चित्त, आणि त्याच्या वरची पायरी एकाग्र. आता आपण ज्यांना एक्सेंट्रिक म्हणतो ती माणसं आठवा. चाळीस वर्षं एकाच रंगाचा सदरा घालणारा, घरभर नुसती कुलपं जमवणारा. त्यांचं चित्त उधळलेलं कुठे असतं? उलट ते एकाच ठिकाणी इतकं खिळलेलं असतं की बाकीच्या जगाची ठिकाणं त्यांना दिसत नाहीत. एक्सेंट्रिकलीला जवळचा मराठी शब्द पाहिजेच असेल तर मी विक्षिप्तपणे सोडून ‘आपल्याच छंदात’ घेईन. तो एका शब्दात बसत नाही, पण अर्थ बरोबर उतरवतो.

गंमत म्हणजे मराठी गद्याची जी सर्वांत जुनी पुस्तकं आहेत त्यांतच असल्या वागण्याची बारीक नोंद आहे. महानुभाव पंथातले गोविंदप्रभू, म्हणजे गुंडम राउळ, तेराव्या शतकात अमरावती जिल्ह्यातल्या ऋद्धिपूरला राहत. त्यांच्या लीळा म्हाइंभटांनी टिपल्या. राउळ कुणाच्याही घरात शिरतात, हाताला लागेल ते खातात, शिवाशीव पाळत नाहीत, लहान मुलासारखे रुसतात-खेळतात. गाव त्यांना वेडं म्हणतं आणि तेच गाव त्यांना आई म्हणतं, बाप म्हणतं. लिहिणाऱ्याने सारवासारव केलेली नाही की अर्थ लावायचा खटाटोप केलेला नाही. काय केलं, कुठे केलं, पुढे काय झालं, एवढंच तो छोट्या-छोट्या वाक्यांत सांगतो.

त्याच अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावात १८७६ मध्ये जन्मलेले गाडगेबाबा हे चकतीच्या गुणाचं अस्सल उदाहरण. चिंध्यांचा सदरा, हातात खराटा आणि गाडगं. गावात शिरल्यावर आधी रस्ते झाडायचे, रात्री कीर्तन करायचं, पाया कुणाला पडू द्यायचं नाही. १९५६ मध्ये वाटेत अखेरचा श्वास घेईपर्यंत हा नेम सुटला नाही. लांबून पाहणाऱ्याला वेडगळ वाटावं असं ते रूप, आणि त्यातली एकही गोष्ट लहरीवर सोडलेली नव्हती.

राउळ आणि गाडगेबाबांचा विदर्भ आणि आपण जिथून निघालो ते भिलाई यांच्यात आज राज्याची सीमा आहे, पण तिथल्या पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत संघाबरोबर १९५५ मध्ये करार झाला तेव्हा भिलाईचा दुर्ग जिल्हा ज्या राज्यात होता त्याची राजधानी नागपूरच होती. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झाली. देशभरातून माणसं आली, त्यांत मराठी कुटुंबंही आली आणि सेक्टरांच्या क्वार्टरांत राहिली. याच कारखान्याच्या पगारपत्रकावर पुढे एका बाईंचं नाव लागलं. भिलाईजवळच्या गनियारी गावच्या तीजनबाई.

तीजनबाईंची कला पंडवानी. या छत्तीसगडी लोकगायनात महाभारत सांगायच्या दोन शैली आहेत. वेदमती शैलीत बसून गायचं. कापालिक शैलीत उभं राहून, फिरत, अभिनय करत सांगायचं, आणि ती पुरुषांची मानली जात होती. पारधी समाजात जन्मलेल्या तीजनबाईंनी आजोबांकडून कथा ऐकून पाठ केल्या आणि वयाच्या तेराव्या वर्षी दुर्ग जिल्ह्यातल्या चंद्रखुरीत उभ्या राहून गायल्या. समाजाने वाळीत टाकलं. छत्तीसगडीत वेड्याला ‘बइहा’ म्हणतात. उभं राहून भीमाच्या आवाजात गरजणाऱ्या पोरीला त्या काळी असली विशेषणं ऐकावी लागली नसती तरच नवल.

त्यांचा प्रयोग जवळून पाहावा तो हातांसाठी. एका हातात मोरपिसं बांधलेला तंबुरा, दुसऱ्या हातात करताल. कथा सांगता सांगता तंबुरा खांद्यावर जातो आणि भीमाची गदा होतो. आडवा धरला की अर्जुनाचं धनुष्य. बाजूला बसलेला रागी दर ओळीला हुंकार देतो, मध्येच भाबडा प्रश्न विचारतो, आणि बाई त्याच्यावर डाफरून पुन्हा कथेत शिरतात. दुःशासनाचा हात उपटताना त्या ज्या आवेशाने पुढे झेपावतात त्याने समोरची पहिली रांग मागे सरकते, पण ताल एका मात्रेनेही हलत नाही. रंगकर्मी हबीब तन्वीर यांची नजर त्यांच्यावर पडली, श्याम बेनेगल यांच्या ‘भारत एक खोज’ या मालिकेतून त्या घराघरांत पोचल्या, २००३ मध्ये पद्मभूषण आणि २०१९ मध्ये पद्मविभूषण मिळालं.

‘तीजनबाई सँग एक्सेंट्रिकली’ असं इंग्रजी वाक्य कुणी लिहिलं तर ते बरोबर ठरेल का? चंद्रखुरीच्या त्या पहिल्या रात्रीपुरतं, आणि तेही तिथल्या पंचांच्या तोंडी, ते चाललं असतं. आज नाही चालणार, कारण पंडवानी म्हटलं की डोळ्यांसमोर त्यांचीच उभी आकृती येते. त्यांच्यानंतरच्या पिढीतल्या भिलाईच्याच रितू वर्मा वेदमती शैलीत, गुडघ्यांवर बसून गातात. ज्यांनी पंडवानी फक्त तीजनबाईंचीच पाहिली आहे, असे प्रेक्षक आता त्यांना विचारतात म्हणे, तुम्ही उभ्या का राहत नाही?